पत्ता विचारणाऱ्या बाई

खैरनार बाईंच्या स्कूटरमागे अख्खा तोफखाना अडकलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. नाशिकरोडहून देवळाली कॅम्पाकडे जाणारा रस्ता, सकाळचे साडेसहा. पुढे बाईंची फिकट आकाशी स्कूटर. वेग ताशी वीस, जागा रस्त्याच्या बरोब्बर मधोमध. मागे लष्कराचे सात-आठ ट्रक, प्रत्येकाला मागे एकेक तोफ जोडलेली, आणि सगळ्यांच्या मागे मोटारसायकलवर मी. पहिल्या ट्रकच्या जवानाने दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा दिल्यावर बाईंनी स्कूटर थांबवली, रस्त्याच्या मधोमधच स्टँडवर लावली आणि चालत ट्रकपाशी गेल्या.

"भैया, कहीं लढाई लगी है क्या?"

"नहीं माताजी, प्रॅक्टिस के लिए जा रहे हैं।"

"डोंगर पे ही गोला मारना है ना? तो इतनी घाई कायको? वो डोंगर कल भी वहींच रहेगा!"

जवानाला हसू आवरेना. बाई स्कूटरवर बसल्या आणि पुन्हा ताशी वीसने निघाल्या. त्या दिवशी मी शाळेत आणि भारतीय तोफखाना सरावाला, दोघेही उशिरा पोचलो.

आमची शाळा कॅम्पाच्या अलीकडे. निम्मी मुलं फौजी क्वार्टरांतली, निम्मी आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची. तोफांचा सराव सुरू झाला की वर्गाच्या काचा खडखडायच्या. मुलं मानसुद्धा वर करत नसत. नवा शिक्षक तेवढा दचकायचा. मी चित्रकलेचा मास्तर. पहिल्याच दिवशी फळ्यावर आंबा काढत असताना धडाम् झालं आणि आंब्याला हातभर शेपूट फुटली. शेजारच्या वर्गातून बाईंनी डोकावून पाहिलं. "सराव आहे," म्हणाल्या, "रोज असतो. आता त्याचा उंदीर करा." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'चित्रकार' झालो आणि शाळेतल्या सगळ्या भिंतींवर नकाशे काढण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

बाई भूगोल शिकवायच्या. मूळच्या अहिराणी मुलखातल्या देवळ्याच्या. उंची पाच फुटांच्या आतली, अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पर्समध्ये कायम भाजके शेंगदाणे. एरवी त्यांची भाषा अगदी पुस्तकी, पण राग आला की देवळा बाहेर पडायचा. मागच्या बाकावर एखादा उचापती करताना दिसला की "काय करी राहिना रे?" अशी आरोळी यायची आणि तो पोरगा जिथल्या तिथे गोठायचा. अहिराणी न कळणारी फौजींची मुलं जास्तच गोठायची.

बाईंना चूक कबूल करणं ठाऊक नव्हतं. एकदा त्यांनी कुठल्याशा देशाची राजधानी चुकीची सांगितली. सातवीतल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी घरून पुरावा लिहून आणला. बाईंनी तो कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, आणि म्हणाल्या, "हलवली असेल त्यांनी. मला कळवलं नाही."

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध खोड म्हणजे पत्ता विचारणं. कुणी म्हणालं, 'त्यांना धडा शिकवला पाहिजे', 'त्यांना उडवून टाकलं पाहिजे', की बाई शेंगदाणा तोंडात टाकत विचारत, "पत्ता?"

"पत्ता म्हणजे?"

"त्यांना म्हणजे कुणाला? राहतात कुठे? गाव कोणतं? शेजारी कोण राहतं? गोळा पाठवायचाय ना? मग पत्ता नको? आपलं साधं पाकीट पत्त्याशिवाय जात नाही."

याचा सर्वाधिक त्रास भोर सरांना झाला. भोर सर आमचे खेळाचे शिक्षक. आडदांड, दिलखुलास आणि मोबाइलवर जगातली सगळी युद्धं लढणारे. तेव्हा परदेशात एक मोठं युद्ध चालू होतं. एका बलाढ्य देशाने दुसऱ्या देशात सैन्य घुसवलं होतं, आणि भोर सर मधल्या सुट्टीत त्याच्या चित्रफिती स्टाफरूममध्ये दाखवत. एके दिवशी त्यांनी एक चारमजली इमारत कोसळताना दाखवली. वरून काढलेली चित्रफीत. इमारत आहे, आहे, आणि मग नुसता धुरळा.

"एका झटक्यात साफ! याला म्हणतात नेम!" भोर सर म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला. "द्या इकडे." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "हे थांबवायचं कसं?"

भोर सरांनी चित्र थांबवून दिलं. अजून इमारत उभी होती.

"गच्चीवर ही दोरी दिसते का?"

"कसली दोरी?"

"कपडे वाळत घातलेत. हे बघा, एक चादर. दोन शर्ट. आणि हे तीन काय आहेत?"

भोर सरांनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं. पुसट होतं, पण होतं.

"फ्रॉक," भोर सर नाइलाजाने म्हणाले.

"केवढे?"

"लहान आहेत." मग त्यांनी जरा आवाज चढवला. "अहो बाई, तिथे अतिरेकी लपले होते! बातमीत सांगितलंय!"

"असतील. पण एवढ्या मापाचे?"

स्टाफरूममध्ये हसू फुटलं आणि लगेच विझलं. भोर सरांनी फोन खिशात घातला आणि डबा न खाताच मैदानावर गेले. त्या दिवशी आठवीला जादा फेऱ्या माराव्या लागल्या.

बाई एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं. सहामाहीच्या पेपरात त्यांनी प्रश्न काढला: 'सध्या युद्ध चालू असलेल्या कोणत्याही एका शहरातील लोक आज पाणी कुठून भरत असतील? नकाशाच्या आधारे लिहा. (५ गुण)'. दुसऱ्या दिवशी एक पालक तावातावाने हेडसरांच्या केबिनमध्ये. हेडसरांना वाटलं, आता देशभक्तीचा मुद्दा निघणार. पालक फौजी होते, मिशा होत्या. हेडसर आधीच घामाघूम. पालक म्हणाले, "सर, या प्रश्नाचं उत्तर गाइडमध्ये नाही!"

बाईंनी त्या पालकांना खुर्ची दिली, शेंगदाणे दिले, आणि त्या प्रश्नाला पाचपैकी पाच मिळवणाऱ्या एकमेव मुलाची उत्तरपत्रिका दाखवली. त्याने लिहिलं होतं, 'टँकर येत असेल. आमच्याकडे पण चार दिवसांनी येतो. पण तिथे टँकरवर बॉम्ब पडू शकतो म्हणून ड्रायव्हर यायला तयार नसेल. मग बायका नदीवर जात असतील. नकाशात नदी आहे पण पुलापलीकडे आहे.' पालक ती उत्तरपत्रिका दोनदा वाचून घरी गेले.

बाई नेहमी जिंकत असत असं मात्र नाही. नाशकातल्या एका सभागृहात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, 'दुसऱ्या देशात सैन्य पाठवणे: कर्तव्य की आक्रमण?' बाई परीक्षक होत्या. अध्यक्ष म्हणून एक गाजलेले व्याख्याते आले होते, बंद गळ्याचा कोट आणि भारदस्त आवाज. भाषणात ते म्हणाले, "मोठ्या कार्यासाठी थोडीफार निरपराध माणसं जातात. इतिहास त्याला थांबत नाही." बाईंना राहवलं नाही. परीक्षकांच्या टेबलावरूनच त्यांनी हात वर केला.

"थोडीफार म्हणजे किती?"

व्याख्याते गोड हसले. "समजा, वीस."

"ठीक आहे. या सभागृहात दोनशे माणसं आहेत. कोणती वीस, ते तुम्ही सांगा."

 मला वाटलं, संपलं. पण व्याख्याते मुरलेले होते. त्यांनी शांतपणे पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "परीक्षकांपासून सुरुवात करू. निकाल तरी लवकर लागेल."

छप्पर उडेल असे लोक हसले. सगळ्यात मोठ्याने खैरनार बाई हसल्या, इतक्या की शेंगदाणा घशात अडकला आणि मला त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "माणूस हुशार आहे हो. पण वीस जण सांगितले नाहीत त्याने." त्या स्पर्धेचं आमंत्रण त्यांना पुन्हा आलं नाही.

बाईंच्या या खोडीचं मूळ मला सापडलं, असं मला एकदा वाटलं होतं. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तोफांनी त्यांचे दोन्ही कान नेले होते. त्यामुळे त्या घरात भांडण पाटीवर चाले. पाटी-पेन्सिल दिवाणावर कायम ठेवलेली. "बरं असतं," बाई म्हणत, "भांडण लिहायला घेतलं की निम्मं खोडावंसं वाटतं." काका तरुणपणी समुद्रापलीकडे एका मोहिमेवर जाऊन आले होते. एकदा चहा पिताना ते आपणहून बोलले, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "आम्हाला आकडे यायचे. आकड्यांप्रमाणे तोफ लावायची. गोळा टेकडीपलीकडे जायचा. पलीकडे काय होतं, ते आम्ही कधी बघितलं नाही. वायरलेसवर सांगायचे, 'ठीक लगा'. आम्ही म्हणायचो, ठीक." आणि बशीतला चहा फुंकत बसले.

जिना उतरताना मी बाईंना म्हटलं, "म्हणून तुम्ही पत्ता विचारता होय!"

बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "नाही हो चित्रकार. मी लग्नाच्या आधीपासून भोचक आहे. आमच्या घरी पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी मी विचारायचे, कोणत्या गावचे, वाटेत कोण भेटलं, तिकडे पाऊस झाला का. आई मारायची मला."

आणि मग संतोष आला.

संतोष मुठाळ शेजारच्या लहवित गावचा, बाईंचा जुना विद्यार्थी. भूगोलात पस्तीसच्या पुढे कधी गेला नाही. तो पायदळात भरती झाला, नायब सुभेदारपदापर्यंत चढला आणि शांतिसेनेतून आफ्रिकेतल्या एका देशात वर्षभर राहून आला. बाईंचा आनंद गगनात मावेना. "भूगोलात पस्तीसवाला पोरगा माझ्या आधी विषुववृत्त ओलांडून आला!" त्यांनी शाळेत त्याचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि मी रात्रंदिवस खपून रंगवलेला आफ्रिकेचा नकाशा.

सत्काराचं भाषण बाईंनीच केलं. शेवटी म्हणाल्या, "मुलांनो, नीट बघून घ्या. हा बंदूक घेऊन परदेशात गेला आणि एकही गोळी न झाडता परत आला. याच्या हातून तिथे एकही माणूस मेला नाही. याला म्हणतात शूर. वाजवा टाळ्या!"

आठशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. संतोष शालीचं टोक बोटाला गुंडाळत उभा होता.

नंतर स्टाफरूममध्ये चहा-चिवडा. भोर सर त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "काय मग, तिकडे काही ॲक्शन वगैरे?"

संतोषने कप खाली ठेवला. "बाई, एक बोलू का? राग नका धरू."

"बोल की."

"आमच्या कॅम्पापासून चार किलोमीटरवर एक वस्ती व्हती. एका दुपारी तिथला माणूस पळत आला. म्हणाला, बंदूकवाले आलेत, चला. आम्ही पन्नास जण. गाड्या हायेत, मशीनगन हाये, समदं हाये. आम्ही वर विचारलं. वरून सांगितलं, कॅम्प सोडू नका, परवानगी मागितलीय. त्यांनी अजून वर विचारलं. बाई, कुठल्या कुठल्या देशातून जाऊन येती ती परवानगी, तुम्हाला नकाशात दाखवू शकतो मी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आली. नऊ वीसला आम्ही पोचलो."

"मग?" भोर सरांनी विचारलं.

"मग काय, सर. खड्डे खणले."

कुणी चिवड्याला हात लावला नाही. बाहेर शिपाई घंटेपाशी उभा होता, तोही घंटा द्यायचा थांबला.

"तिथं..." बाईंनी सुरुवात केली. त्यांचं नेहमीचं विचारणं असणार, काय पिकतं, कोण राहतं.  संतोषनेच उत्तर दिलं.

"मका व्हता, बाई. एस्थर नावाची बाई अंडी घेऊन गेटवर यायची. तिनं मला तिच्या भाषेत दहापर्यंत मोजायला शिकवलं. पुढचं राहिलं." तो थोडा थांबला. "तुम्ही मघाशी टाळ्या वाजवायला लावल्या, गोळी झाडली नाही म्हणून. त्या मी कुठं ठेवू, बाई?"

बाई उठल्या. चहा तसाच. त्यांचा नववीवर तास होता. मी जाता जाता पाहिलं, मुलांना नकाशा भरायला देऊन त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ चालू असताना बाई न विचारता मंचावर चढल्या आणि माइक हातात घेतला. माइकने नेहमीप्रमाणे शिट्टी मारली. बाई म्हणाल्या, "काल मी तुमच्यासमोर बोलले ते चुकले."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून शाळेने ऐकला नव्हता. हेडसर माझ्या कानाशी लागले, "राजीनामा देतायत की काय?" भोर सर हातातली शिट्टी तोंडात घालायची विसरले.

"गोळी झाडली नाही म्हणजे कुणी मेलं नाही, असं मी म्हणाले. तसं नसतं. चार किलोमीटरवर माणसं मेली. संतोषदादाला तिथे जाऊ दिलं असतं, तर ती वाचली असती का? कदाचित. की गोळीबारात त्यांच्यातलीच आणखी मेली असती? तेही कदाचित. दुसऱ्याच्या देशात बंदूक घेऊन कधी जावं आणि कधी जाऊ नये, हे मला वाटत होतं मला माहीत आहे. मला माहीत नाही. कालच्या टाळ्या मी परत घेते. या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, म्हणून मी तो परीक्षेत विचारणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकून मुलांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

त्या उतरल्या तोच भोर सर पुढे झाले. त्यांचा चेहरा विजयादशमीचा. "म्हणजे बाई, आता तुम्ही आमच्या पार्टीत!"

"काय डोकं शे तुमचं भोर!" बाईंनी देवळा बाहेर काढला. "चार किलोमीटरवरून ओरडणाऱ्या माणसाकडे धावत जाणं आणि चारशे किलोमीटरवरून कुणाचं घर पाडणं एकच का?"

"मग फरक कुठे पडतो? नेमका कुठल्या किलोमीटरला?"

बाई काहीतरी फटकन बोलणार होत्या. मग "तेच तर," म्हणाल्या. "बसा. शोधू."

आणि ते दोघं खरोखर शोधायला बसले. त्यानंतर बाईंच्या निवृत्तीपर्यंत दोन वर्षं, बहुतेक रोज, मधल्या सुट्टीत. बाईंनी एक वही घातली. वर लिहिलं, 'दुसऱ्याच्या देशात कधी जावे'. पहिला नियम बाईंनी लिहिला, 'ज्यांच्याकडे जायचे त्यांनी बोलावले पाहिजे.' भोर सर म्हणाले, "बोलावणारा मेला असला तर?" बाईंनी नियम खोडला. दुसरा भोर सरांनी सुचवला, 'आपली ताकद जास्त असेल तेव्हाच जावे.' बाई म्हणाल्या, "ताकद जास्त असणाऱ्याला जावंसं वाटतंच हो. त्याला नियम कशाला?" तोही खोडला. तिसऱ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं, 'परत कधी जाणार हे आल्याबरोबर सांगावे.'

"पाहुण्यासारखं?" भोर सरांनी विचारलं.

"पाहुण्यासारखंच. जो परत जायचं नाव काढत नाही तो पाहुणा नसतो, भोर. तो घरमालक होतो."

नंतर एकदा कुठल्याशा युद्धाच्या बातमीत पाहुण्यांनी मुक्काम वाढवला, परत जायची तारीख पुढे ढकलली, आणि मग पुन्हा ढकलली. भोर सरांनी वही काढून तिसऱ्या नियमासमोर प्रश्नचिन्ह काढलं. 

भोर सरांची वेगळीच पंचाईत झाली होती. एक दिवस माझ्याजवळ येऊन कुरकुरले, "चित्रकला सर, या बाईने माझं वाटोळं केलं. एक व्हिडिओ सुखाने बघता येत नाही. सगळे नेम बघतात, मला आधी गच्चीवरची दोरी दिसते." मी म्हटलं, "मग बघू नका." म्हणाले, "बघावं तर लागतंच. बाई उद्या विचारतील."

निवृत्तीच्या दिवशी ती वही त्यांनी भोर सरांना दिली. सव्वीस नियम होते, त्यातले बावीस खोडलेले. निरोपाच्या भाषणात बाई इतकंच म्हणाल्या की अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही याची नोंद घ्यावी. मग त्या आणि काका देवळ्याला राहायला गेले. स्कूटर जाताना विकली. कॅम्पाच्या रस्त्यावरची वाहतूक सुधारली असं लोक म्हणतात.

गेल्या वर्षी एक दिवस त्यांचा फोन आला. "चित्रकार, परवा नाशिकरोड स्टेशनला या. संतोष निघालाय. पुन्हा शांतिसेनेत. दिल्लीला जाऊन तिथून पुढे. या वेळी त्याने स्वतः नाव दिलंय."

मी गेलो. फलाटावर संतोषची बायको, आई, मुलगी आणि गावातले चारपाच जण उभे होते. बाई सकाळच्या बसने देवळ्याहून आल्या होत्या. हातात लाडवांचा स्टीलचा डबा, पायात तेच पांढरे बूट. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "याला काय सांगायचं ते मी रात्रभर मनात जुळवलंय. तीन मुद्दे आहेत."

गाडी आली. नाशिकरोडला ती थांबते तीन-चार मिनिटं. पहिली दोन मिनिटं बाईंनी एका जाड्या माणसाला संतोषच्या जागेवरून उठवण्यात घालवली. "ही आमच्या मुलाची जागा आहे. तो देशाच्या कामाला चाललाय. उठा." माणूस बिचारा पिशव्या गोळा करून उठला. तेवढ्यात संतोषने फलाटावरून खिडकीत वाकून हाक मारली, "बाई, मी या डब्यात न्हाय, पुढच्या डब्यात हाये!" बाई त्या माणसाला "बसा बसा" म्हणत खाली उतरल्या आणि पुढच्या डब्याकडे धावल्या. मी मागे. संतोष दारात उभा होता. आईच्या पाया पडून झालं होतं, मुलीचा पापा घेऊन झाला होता. बाईंनी लाडवांचा डबा उघडून त्याच्या तोंडात एक लाडू कोंबला आणि डबा हातात दिला. तोंडात लाडू असल्यामुळे त्याला बोलता येईना. त्या क्षणी बाईंना तीन मुद्द्यांपैकी एकही आठवेना, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

गाडी हलली.

बाई दोन पावलं चालल्या, मग चार पावलं पळाल्या. "संतोष! या वेळी विचारत बसू नकोस रे!" लगेच हात हलवून त्यांनी ते खोडलं. "नाही, नाही! विचार! विचारल्याशिवाय काही करू नकोस! पण लवकर विचार! आदल्या दिवशीच विचारून ठेव!"

संतोषने दारातून हात वर केला. त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. शेवटचा डबा गेला आणि फलाटावर एकदम मोकळं झालं. संतोषची मुलगी रडायला लागली, तशी तिच्या आजीने तिला उचलून घेतलं.

बाई धापा टाकत माझ्याजवळ आल्या. "बरोबर सांगितलं ना हो मी?"

वर लाउडस्पीकरवर कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची घोषणा सुरू झाली होती. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. बाईंचं लक्षही नव्हतं. गाडी गेली त्या बाजूला बघत त्या उभ्या होत्या, आणि हातात लाडवांच्या डब्याचं झाकण तेवढं राहिलं होतं.